कहाणी हाही दाखलाच

संपादक महाशयांस,

बचत गटांच्या कार्याचे मूल्यमापन स्त्रियांच्या कहाण्यांवरून करणे हे हिशेब टाळण्याचे निमित्त होय, हे गतांकातील पत्रलेखकांचे मत मला मान्य नाही. बचत व कर्जफेडीचे तक्ते हवेतच. परंतु 1975 साली स्थापन झालेल्या महिला आर्थिक विकास महामंडळाने ‘तेजस्विनी’सारख्या कार्यक्रमांतून स्त्रीला घरात व गावात जे स्थान मिळवून देण्याचा प्रयत्न केला, ते त्या रकान्यांत मावणारे नव्हे. आमच्या खामगाव तालुक्यातील एका सभासद बाईने गेल्या हंगामात जिनिंगच्या काट्यावर स्वतः उभे राहून कापूस मोजून घेतला, काटापट्टी आपल्या नावाने मागितली आणि रक्कम आपल्या खात्यात जमा करविली. ताळेबंदात याची नोंद नाही, पण यंदा बियाणे कोणते घ्यावे हे त्या घरात तिला विचारून ठरले.

निवडक गोड कहाण्याच छापल्या जातात, ही शंका मात्र रास्त आहे. तिचे निवारण मूल्यमापन-अभ्यासक रिक डेव्हिस यांनी गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात बांगलादेशात योजिलेल्या पद्धतीत सापडते: सर्वांत महत्त्वाचा बदल कोणता, हे सहभागींनाच विचारावे, आलेल्या कहाण्यांतून निवड करताना कारणे लेखी नमूद करावीत, ती गावाला परत कळवावीत आणि निवडलेल्या कहाणीची जागेवर जाऊन शहानिशा करावी. गट सोडून गेलेल्या बायांची जबानीही तितक्याच आस्थेने टिपावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे; काम कोठे कच्चे राहिले, हे त्यांच्याइतके नेमके दुसरे कोण सांगणार?

आपला,
एक वाचक, खामगाव