धार टिकली तर खोडवा टिकेल

ऊसतोड टोळ्यांची वाट पाहून थकलेला कोल्हापूरचा शेतकरी हार्वेस्टरकडे वळतो आहे. या अवाढव्य यंत्राची सारी मदार मात्र जमिनीलगत फिरणाऱ्या दोन तबकड्यांवरच्या वीतभर पात्यांवर असते. पाते उसापेक्षा मातीने आणि दगडगोट्यांनीच जास्त झिजते. धार गेली की ऊस कापला न जाता फाटतो. बुडखा चिरतो, त्यातून रोग शिरतो आणि खोडव्याची फूट विरळ होते. साखरेने भरलेली बुडाची कांडी शेतातच राहते, ते नुकसान वेगळेच.

पात्याचे पोलाद नुसतेच कठीण केले तर दगडावर तडकते, मऊ ठेवले तर लवकर बोथट होते. बोरॉनयुक्त पोलादाला नेमके पाणी देणे, धारेवर टंगस्टन कार्बाइडचा थर चढवणे, उलटून वापरता येणारे पाते घडवणे हे उपाय ठाऊक आहेत. आपल्या काळ्या रानात आणि माळाच्या मुरमाड जमिनीत ते वेगवेगळे तपासले पाहिजेत. इंजिने घडवणाऱ्या शिवाजी उद्यमनगराला, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या वसाहतींना हे अवघड नाही; फक्त हे काम ओतकामाचे नव्हे, घडाईचे आणि भट्टीतल्या तापमानाचे आहे. साखर कारखान्यांनी येत्या गळीत हंगामात या उद्योजकांना चाचणीसाठी उसाचे फड खुले करून द्यावेत.