संमोहन म्हणजे वशीकरण नव्हे! हिप्नोथेरपीला जाण्याआधी एवढं माहीत असू द्या

सियालदहहून सुटणाऱ्या कुठल्याही लोकलमध्ये चढा. डब्याच्या भिंतीवर कुठे ना कुठे 'वशीकरण'वाल्या बाबाचा कागद चिकटवलेला दिसतोच. प्रेमभंग, सासू-सून भांडण, नोकरी, सगळ्यावर एकच उपाय! महाराष्ट्रातल्या एसटी स्टँडवरही हे कागद काही कमी नसतात. त्यामुळे डॉक्टरांनी "हिप्नोथेरपी करून बघा" असं सुचवलं, की घरात पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते, "नको गं बाई, कुणी मनावर ताबा मिळवला तर?"

ही भीती अगदी स्वाभाविक आहे. पण या भीतीमुळे काही जण उपयोगी उपचारापासून लांब राहतात, आणि काही जण थेट भोंदू माणसाच्या हाती सापडतात. म्हणून आजच्या सदरात संमोहन म्हणजे काय, ते कुठून आलं आणि पहिल्या सेशनला नेमकं काय घडतं, हे सगळं साध्या भाषेत समजून घेऊया.

संमोहन म्हणजे नेमकं काय?

आवडती मालिका बघताना गॅसवरचं दूध उतू गेलंय का कधी? पुस्तकात डोकं घातलं आणि आपलं स्टेशन मागे पडलं, असं झालंय? तेव्हा तुम्ही झोपलेले नव्हता. तुमचं सगळं लक्ष एकाच गोष्टीवर होतं आणि बाकीचं जग थोडा वेळ मागे सरकलं होतं.

संमोहनाची अवस्था याच्या बरीच जवळची आहे. शरीर सैल असतं, मन एका ठिकाणी एकवटलेलं असतं आणि अशा वेळी दिलेल्या सूचना नेहमीपेक्षा जास्त परिणाम करतात. ही झोप नाही आणि बेशुद्धीही नाही. समोरच्याचं बोलणं ऐकू येत असतं, आणि न पटलेली सूचना नाकारताही येते.

सगळ्यांवर याचा सारखाच परिणाम होत नाही. थोडे लोक फार चटकन या अवस्थेत जातात, थोड्यांवर जवळपास काहीच परिणाम होत नाही आणि बहुतेक आपण मध्ये कुठेतरी असतो. हे मोजण्यासाठी १९५९ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात खास मोजपट्टीही तयार झाली. त्यामुळे "मला काहीच झालं नाही" असा अनुभव आला, तर त्यात तुमचा दोष नाही. आणि "मी पटकन गेले" म्हणजे मन कमकुवत, असंही नाही.

हुगळीच्या काठावरची १८४५ सालची गोष्ट

संमोहनाच्या इतिहासात कोलकात्याचं नाव ठळक आहे, हे अनेकांना माहीत नसतं. सियालदहहून नैहाटीला गेलं, की नदीपलीकडे हुगळी दिसते. तिथे जेम्स एस्डेल नावाचे स्कॉटिश सर्जन ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत होते. एप्रिल १८४५ मध्ये त्यांनी तिथल्या तुरुंगातल्या एका कैद्यावर 'मेस्मेरिझम' करून पाहिलं. त्याच्या अंडवृद्धीवर उपचार करताना त्याला असह्य वेदना होत होत्या.

तो काळ आठवा. भूल देण्याचं औषध अजून आलेलं नव्हतं. शस्त्रक्रिया म्हणजे रुग्णाला चार जणांनी धरून ठेवायचं आणि सर्जनने शक्य तितक्या लवकर काम उरकायचं. बंगालमध्ये हत्तीरोगामुळे वाढलेल्या प्रचंड गाठींचे रुग्ण खूप असत. एस्डेल यांचे भारतीय मदतनीस अंधाऱ्या खोलीत रुग्णाच्या अंगावरून तासन् तास, कधी कधी अनेक दिवस, हात फिरवत. रुग्ण गाढ अवस्थेत गेला की शस्त्रक्रिया होई. जागे झाल्यावर बरेच रुग्ण सांगत, की आपल्याला काही कळलंच नाही.

१८४६ मध्ये सरकारने नेमलेल्या समितीने हे प्रयोग स्वतः पाहिले. काही रुग्ण शांत पडून राहिले. काहींचं शरीर मात्र शस्त्रक्रियेच्या वेळी तळमळत होतं, चेहरा वेडावाकडा होत होता, तरी जागे झाल्यावर ते वेदना नाकारत होते. तरीही सरकारने त्याच वर्षी कोलकात्यात एस्डेल यांना प्रयोगासाठी एक छोटं मेस्मेरिक हॉस्पिटल दिलं.

पण काळ वेगाने पुढे गेला. ऑक्टोबर १८४६ मध्ये बोस्टनमध्ये ईथरची भूल जाहीरपणे दाखवली गेली आणि १८४७ मध्ये एडिनबरामध्ये क्लोरोफॉर्म आलं. काही मिनिटांत आणि जवळपास प्रत्येकावर चालणारं औषध हाती आल्यावर तासन् तास हात कोण फिरवणार? १८५१ मध्ये एस्डेल भारत सोडून गेले.

यात आपल्यासाठी एक धडाही आहे. एस्डेल यांच्या अनेक रुग्णांना आपल्यावर नेमकं काय होणार, हे आधी सांगितलेलंच नसे. आज असं चालत नाही. तुम्हाला पूर्ण माहिती देऊन, तुमची संमती घेऊनच उपचार व्हायला हवा.

आणि गोव्याचे आबे फारिया

एस्डेल यांचा समज होता, की उपचार करणाऱ्याच्या शरीरातून काहीतरी शक्ती रुग्णात जाते. ही कल्पना व्हिएन्नाच्या मेस्मर या डॉक्टरची. पण ती चुकीची आहे, हे एका गोवेकराने त्याच्या तीसेक वर्षं आधीच पॅरिसमध्ये सांगितलं होतं!

जुझे कुस्तोदियो दे फारिया, म्हणजेच आबे फारिया. जन्म १७५६, बार्देशातलं कांदोळी गाव. पुढे ते धर्मगुरू झाले आणि १८१३ मध्ये त्यांनी पॅरिसमध्ये संमोहनाचे जाहीर वर्ग सुरू केले. समोरच्याला खुर्चीत निवांत बसवायचं, लक्ष एकाग्र करायला लावायचं आणि ठाम आवाजात म्हणायचं, "झोपा!" त्यांचं म्हणणं स्पष्ट होतं. माझ्यात कसलीही जादू नाही, जे घडतं ते समोरच्याच्या स्वतःच्या मनात घडतं. १८१९ मध्ये त्यांचं निधन झालं.

पणजीला मांडवीच्या काठी, जुन्या सचिवालयाशेजारी त्यांचा ब्राँझचा पुतळा आहे. शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी केलेला हा पुतळा १९४५ मध्ये उभारला गेला. पुढच्या वेळी गोव्याला गेलात, तर मुलांना नक्की दाखवा.

पुन्हा सियालदहकडे येऊ. स्टेशनच्या उत्तरेला राजाबाजारच्या बाजूला पारसीबागान लेन आहे. तिथे १४ नंबरच्या घरात डॉ. गिरींद्रशेखर बोस राहत. १९२२ मध्ये याच घरात इंडियन सायकोअ‍ॅनलिटिकल सोसायटी सुरू झाली. बोससुद्धा सुरुवातीच्या काळात रुग्णांवर संमोहन वापरत. पुढे ते फ्रॉइडप्रमाणेच रुग्णाला मोकळेपणी बोलू देण्याच्या पद्धतीकडे वळले. म्हणजे संमोहन हे एक साधन आहे, आणि जाणकार माणूस प्रत्येक रुग्णासाठी तेच वापरेल असं नाही.

आज याचा उपयोग कशासाठी होतो?

• पोटाचा त्रास (आयबीएस): १९८४ मध्ये इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या डॉक्टरांनी ३० रुग्णांवर केलेल्या अभ्यासात चांगला परिणाम दिसला. वर्षभर औषधं घेऊनही आराम न पडलेल्यांसाठी या उपचाराचा विचार करावा, असं ब्रिटनच्या २००८ च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही आहे.

• वेदना आणि शस्त्रक्रियेची भीती: बेल्जियममधल्या लिएज इथे १९९२ पासून काही शस्त्रक्रियांमध्ये जागेवरची भूल, हलकं औषध आणि संमोहन एकत्र वापरतात.

• चिंता, दातांच्या डॉक्टरची भीती, परीक्षेची धास्ती: इतर उपचारांच्या जोडीला मदत होऊ शकते.

• सिगारेट सोडणं: जाहिराती खूप, पण इतर पद्धतींपेक्षा हे सरस असल्याचा ठोस पुरावा नाही.

'मागचा जन्म' आठवून देतो म्हणणाऱ्यांपासून चार हात लांबच राहा. त्याला शास्त्रीय आधार नाही. शिवाय संमोहनात न घडलेल्या गोष्टीही खऱ्या वाटू लागतात. अशा खोट्या आठवणीवर विश्वास ठेवून घरातल्याच माणसावर आरोप झाला, तर किती नुकसान होईल याचा विचार करा.

पहिल्या सेशनमध्ये काय होतं?

१. आधी गप्पा. त्रास कधीपासून आहे, कोणती औषधं चालू आहेत, आधी कोणते उपचार झाले, झोप कशी आहे, हे सगळं विचारलं जातं. काही ठिकाणी पहिली भेट एवढ्यावरच संपते.

२. शरीर सैल सोडणं. खुर्चीत आरामात बसायचं. श्वासाकडे लक्ष द्यायला किंवा एखाद्या बिंदूकडे बघायला सांगतात. सिनेमातलं लोंबकळतं घड्याळ बहुधा दिसणार नाही!

३. मन आत नेणं. आकडे उलटे मोजणं, जिना उतरतोय अशी कल्पना करणं किंवा आवडत्या जागेचं चित्र डोळ्यांसमोर आणणं. हातपाय जड किंवा हलके वाटू शकतात.

४. सूचना. तुमच्या त्रासानुसार आधीच ठरवलेल्या. उदाहरणार्थ, पोटावर हात ठेवून तिथे ऊब पसरतेय अशी कल्पना.

५. परत येणं. हळूहळू आकडे मोजत डोळे उघडायचे. 'अडकून पडण्याची' भीती नको. बोलणारा मध्येच थांबला, तरी तुम्ही आपोआप जागे व्हाल, नाहीतर थोडी डुलकी लागेल.

सेशन साधारण पाऊण ते एक तासाचं असतं. घरी करायला सराव दिला जातो, कधी रेकॉर्डिंगही देतात. खरी मेहनत तीच! एका भेटीत चमत्कार होत नाही. काही आठवडे नियमित जावं लागतं.

कोणी आधी डॉक्टरांना विचारावं?

भास होणं, वास्तवाशी संबंध सुटणं किंवा फिट येणं असा त्रास असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांच्या सल्ल्याशिवाय संमोहन करू नये. नवीन दुखणं असेल, तर आधी तपासणी करून घ्यावी. दुखणं दबलं आणि आजार वाढला, असं व्हायला नको.

आमच्या ओळखीतल्या एका काकूंना झोप लागत नव्हती. एका उपचार करणाऱ्याने त्यांच्याकडून वीस सेशनचे पैसे आगाऊ घेतले आणि झोपेच्या गोळ्या त्याच दिवशी बंद करायला सांगितल्या. काकूंची झोप तर गेलीच, हातपाय थरथरायला लागले आणि शेवटी हॉस्पिटल गाठावं लागलं. अशा गोळ्या अचानक थांबवणं धोक्याचं असतं. त्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळूच कमी करतात. पण काकूंना हे कुणी सांगितलंच नव्हतं.

जाण्याआधी हे पाच प्रश्न विचारा

• तुमचं मूळ शिक्षण काय? (मानसोपचारतज्ज्ञ, नोंदणीकृत क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट की फक्त दोन दिवसांचा कोर्स? केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २००३ मध्येच म्हटलं आहे, की हा उपचार नोंदणीकृत डॉक्टर किंवा योग्य प्रशिक्षण घेतलेल्या व्यक्तींनीच करावा.)

• माझ्या त्रासावर याचा उपयोग होतो, याला आधार काय?

• अंदाजे किती भेटी आणि किती खर्च? मध्येच थांबता येईल का?

• माझी चालू औषधं आणि माझे डॉक्टर यांचं काय?

• घरचं माणूस सोबत बसलं तर चालेल का?

शेवटच्या प्रश्नावर कुणी नाराज झालं, तर सरळ उठून घरी या. मुलांच्या बाबतीत तर आई-बाबांपैकी एकाने हजर असायलाच हवं.

मनाचा त्रास असह्य होत असेल आणि कुठे जावं ते सुचत नसेल, तर सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. फोन मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो आणि अनेक भारतीय भाषांत बोलता येतं. हा नंबर आत्ताच मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवा आणि घरातल्या ग्रुपवरही टाका.