नळीतला खार आणि बिलातला आकार

घरात तांब्याचा बंब असलेल्याला हे सांगायला नको. बोअरचे पाणी तापवून तापवून बंबाला आतून पांढरा खार धरतो, आणि मग तेवढ्याच पाण्याला चार पऱ्हाट्या जास्त लागतात. ज्याने ठिबक टाकले तो हाच खार काढायला नळ्यांत आम्ल सोडतो.

वीज केंद्रातही हेच घडते. तिथे जळतो कोळसा, आणि पैसे भरतो ग्राहक.

चंद्रपूरचे केंद्र घ्या. क्षमता २९२० मेगावॅट, पाणी इरई धरणाचे. कोळशाच्या केंद्रात जळणातल्या उष्णतेपैकी जेमतेम तिसऱ्या हिश्श्याची वीज होते. निम्म्याच्या आसपास उष्णता कंडेन्सरमधून गार पाण्यात जाते. टर्बाइन फिरवून आलेली वाफ तिथे हजारो नळ्यांवर थंड होते, नळ्यांच्या आतून गार पाणी वाहते. वाफेचे पाणी झाले की पोकळी तयार होते आणि त्या पोकळीमुळेच टर्बाइनला पुरा जोर मिळतो. नळीत गाळ, शेवाळ, चुन्याचा खार बसला की उष्णता अडते, पोकळी ढिली पडते, आणि तेवढ्याच विजेला कोळसा जास्त लागतो. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते. या खाराचे उलटे आहे. पाणी तापले की तो बाहेर पडतो, म्हणून नेमका नळीतच चिकटतो.

इलाज अवघड नाही. नळीपेक्षा किंचित मोठे रबरी स्पंजचे गोळे पाण्याबरोबर सोडतात; ते नळी घासत जातात, पलीकडे जाळीत अडतात आणि पुन्हा फिरतात. यंत्र बंद करावे लागत नाही. पण गोळे झिजतात, ते वेळेवर बदलावे लागतात. थर घट्ट झाला तर ब्रश, जोराचे पाणी, शेवटी आम्ल. आम्लाचे माप चुकले तर नळीच खाल्ली जाते आणि कच्चे पाणी बॉयलरच्या शुद्ध पाण्यात शिरते. गोळ्यांची कंजूषी तिथवर नेते.

अमुक केंद्रात हयगय होते, असे आम्ही म्हणत नाही. आम्ही हिशेब मागतो. एक युनिट काढायला किती उष्णता खर्चावी याची मर्यादा वीज नियामक आयोगाने घातलेली आहे. तेव्हा प्रत्येक संचाची पोकळी दरमहा किती होती, नळ्या कोणत्या तारखेला साफ केल्या, सफाईआधी आणि नंतर युनिटला कोळसा किती लागला, हे दरवाढ मागणाऱ्याने आधी मांडावे. शेतकऱ्याने उत्पादन खर्च सांगितला की त्याच्याकडे दहा पुरावे मागणारे सरकार इथे गप्प का?

साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपाचे बिल २०२४ पासून सरकार भरते, मग आपल्याला काय, असे कोणी म्हणेल. घराचे आणि पिठाच्या गिरणीचे बिल कोण भरतो? जिनिंगचे बिल तर कापसाच्या भावातूनच कापले जाते.

आयोग दरवाढीवर हरकती मागवतो, जनसुनावणी घेतो. तिथे कोणालाही बोलता येते. जिल्हा बैठकीला येताना प्रत्येकाने वर्षभराची बिले आणावीत आणि इंधन समायोजन आकाराच्या ओळीखाली रेघ मारून आणावी. हरकतीचा अर्ज तिथेच लिहू.