नदीचं पात्र कुणाचं?

स्पेनमधल्या शहरांच्या आधुनिक रचनेचा विषय निघाला की चकचकीत इमारतींचे फोटो समोर येतात. वालेन्सियाची गोष्ट मात्र एका कोरड्या नदीपासून सुरू होते.

ऑक्टोबर १९५७ मध्ये तुरिया नदीला महापूर आला. ८० हून अधिक माणसं गेली. मग शहराच्या दक्षिणेकडून नवं पात्र खोदून नदी वळवण्यात आली. जुनं पात्र मोकळं झालं आणि फ्रँकोच्या हुकूमशाहीत तिथे महामार्ग नेण्याचा बेत शिजला. नागरिकांनी विरोध केला. पात्र आमचं आहे आणि आम्हाला ते हिरवं हवंय, हीच त्यांची मागणी होती. फ्रँकोच्या मृत्यूनंतर १९७६ मध्ये ती जमीन शहराला मिळाली. आज तिथे सुमारे नऊ किलोमीटर लांबीची बाग आहे. जुन्या दगडी पुलांखालून लोक धावतात, सायकल चालवतात. १९९० पासून तिथे आडवा पडलेला अवाढव्य गलिव्हर आहे. त्याच्या अंगावर मुलं फुकट घसरगुंडी खेळतात.

त्याच पात्राच्या टोकाला सान्तियागो कालात्रावांची पांढरीशुभ्र ‘कला आणि विज्ञान नगरी’ आहे. पर्यटक तिथे गर्दी करतात. पण तिचा खर्च मूळ अंदाजाच्या कित्येक पट झाला आणि २०१३ मध्ये तिथल्या ऑपेरागृहाच्या छतावरचे फरशीचे तुकडे गळून पडले. एकाच पात्रात दोन्ही धडे आहेत.

आणखी एक धडा २९ ऑक्टोबर २०२४ चा. त्या पुरात नव्या पात्राने शहराचा मध्यभाग वाचवला; पण पात्रापलीकडच्या पाइपोर्तासारख्या गावांत हाहाकार माजला. म्हणून कुठल्याही आराखड्याला विचारायला हवं: कोण वाचलं आणि कोण बाहेर राहिलं?

अंदालुसचा उल्लेख निघाला की आपण अल्हाम्ब्राच्या आठवणीत रमतो. पण वालेन्सियाच्या शेतांना पाणी देणाऱ्या कालव्यांना आजही ‘असेकिया’ म्हणतात. तो शब्द अरबी ‘साकिया’वरून आला. त्या पाण्याचे तंटे शेतकऱ्यांनी निवडलेले पंच दर गुरुवारी कॅथेड्रलच्या दाराशी, सगळ्यांसमोर ऐकतात. महालांपेक्षा हा वारसा मोठा आहे: सामायिक गोष्टीचा निर्णय उघड्यावर आणि सगळ्यांनी मिळून.

दोस्तांनो, आपल्या शहराच्या आराखड्यावर हरकती-सूचना मागवल्या जातात, तेव्हा आपल्या मोहल्ल्यातून किती अर्ज जातात? बाग नाही, मैदान नाही ही तक्रार रास्तच आहे. ती नाक्यावर न ठेवता मुदतीच्या आत, लेखी द्यायला हवी.