करुण उतारा आणि हरवलेला निवेदक

शालेय पाठ्यपुस्तकांतील करुण वाङ्मय हळव्या मुलांना सोसत नाही, म्हणून ते वगळावे, असे मत अधूनमधून मांडले जाते. त्याचा प्रतिवाद करणारे ‘संस्कार’ या एकाच शब्दाचा आश्रय घेतात. दोन्ही पक्षांचे गृहीतक मात्र समान आहे : दुःख हा साहित्यकृतीतून सुटा काढता येणारा ऐवज आहे, तो मुलांना द्यावा की देऊ नये, एवढाच काय तो वाद. हे गृहीतकच तपासून पाहिले पाहिजे.

साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली ‘श्यामची आई’ हळवेपणाचे प्रतीक ठरली. तिच्या रचनेकडे मात्र क्वचितच लक्ष गेले. ४२ रात्रींचे हे कथन प्रौढ श्यामच्या मुखातून येते. आश्रमातील प्रार्थनेनंतर तो सोबत्यांना आठवणी सांगतो. दारिद्र्य, मानहानी आणि मातृवियोग सोसलेला मुलगा त्यातून तरून आला आहे, हे वाचकाला पहिल्या रात्रीपासूनच ठाऊक असते. श्रोत्यांची सोबत आणि निवेदकाला लाभलेले काळाचे अंतर यांमुळे खाजगी शोक आस्वाद्य होतो. भट्टनायकाने सांगितलेल्या साधारणीकरणाची ही कथनगत वाट होय.

पाठासाठी उतारा निवडताना बहुधा हीच चौकट गळते. उरतो तो नुसता प्रसंग, आणि त्याखाली ‘कारणे द्या’, ‘या पाठातून कोणता बोध मिळतो?’ अशी प्रश्नावली. ज्या मुलाची आई नुकतीच गेली आहे, त्यालाही वर्गासमोर प्रकटवाचन करावे लागते. त्याच्या मौनाला उत्तर म्हणून स्थान नसते.

मूळ पुस्तकातही बोध आहेच, असा आक्षेप येईल. तो खरा आहे. परंतु तेथे बोध करणारा स्वतःच्या अपराधांची कबुली देत असतो. प्रश्नावलीला असे काहीच पणाला लावावे लागत नाही.

पाठ वगळल्याने त्या मुलाचे दुःख मिटत नाही. ते केवळ निःशब्द होते. संस्कारवादी तेच दुःख सद्गुणाच्या रूपात त्याच्याकडून वसूल करतात. म्हणून करुण पाठ राहावा, जावी ती त्याखालची बोधाची सक्ती. उतारा द्यायचा तर सांगणारा आणि ऐकणारे यांच्यासह द्यावा. एवढे करण्याची तयारी नसलेल्या अभ्यास मंडळांनी मुलांच्या हळवेपणाला दोष देऊ नये.