बारा माणसं, चौदा दिवस

हॉस्टेलवर नवीन आलेली पोरं मला 'गेमवाला दादा' म्हणतात. ऐकायला बरं वाटतं. पण खरं सांगू का? दीड वर्ष झालं, माझा एकच गेम चालू आहे आणि तो अजून पूर्ण नाही. त्याच्या नादात एम-थ्री मात्र राहिला.

गेम साधा आहे. घनसावंगीकडची मोसंबीची बाग, मे महिना, विहिरीनं तळ गाठलेला. हातात मोजके पैसे. टँकर आणायचा की अर्धी झाडं तोडून अर्धी जगवायची, हे खेळणाऱ्यानं ठरवायचं. २०१२-१३ च्या दुष्काळात आपल्या जिल्ह्यात कितीतरी बागा अशाच वाळल्या. त्यातली एक आमची. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो.

एकट्यानं करायचं म्हणजे कोडिंग मीच, चित्रं मीच, आवाजही मीच. पाण्याचा आवाज हॉस्टेलच्या टाकीखाली रेकॉर्ड केलाय, नीट ऐकलं तर मागे वॉर्डन सरांची हाक येते! २०४८ बाय २०४८ चं एक चित्र कॉम्प्रेस न करता टाकलं की मेमरीत १६ एमबी खातं, हे मला वीस चित्रं टाकून रूममेटचा जुना फोन बंद पडल्यावर कळलं. मग मराठीचा घोळ. पहिल्या इंजिनमध्ये 'विहीर' लिहिलं की पहिली वेलांटी 'व'च्या पुढे जाऊन बसायची. या एका शब्दापायी सगळं काम गोडोवर आणलं. त्याच्या २०२३ च्या चौथ्या आवृत्तीपासून देवनागरी नीट जुळते. तीन महिने गेले. असो, रात्र जागली की असले प्रश्न सुटतात.

न सुटणारा प्रश्न म्हणजे माणसं. प्ले स्टोअरवर नवीन वैयक्तिक खातं काढलं तर २५ डॉलर भरून भागत नाही. आधी टेस्टर लागतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये नियम आला तेव्हा वीस लागायचे, डिसेंबर २०२४ पासून बारा, तेही सलग चौदा दिवस. दीडशे पोरांच्या हॉस्टेलात बारा मिळू नयेत? मिळाले. नवव्या दिवशी दोघं यादीतून बाहेर पडले आणि माझी मोजणी परत पहिल्यापासून. उरलेल्यांना विचारलं, कसा वाटला? "भारी आहे रे!" उघडलाच नव्हता.

घरी वेगळीच तऱ्हा. ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा झाला, तर वडिलांचा फोन, "तुझं ते बंद झालं म्हणे?" आवाजात आनंद होता.

लगेच कोणीतरी 'स्टारड्यू व्हॅली'चं उदाहरण देतं. एरिक बॅरोननं साडेचार वर्षं एकट्यानं खपून २०१६ मध्ये तो आणला, हे खरंच आहे. पण त्या काळात घर बरंचसं त्याच्या जोडीदारणीच्या कमाईवर चालत होतं, आणि तो स्वतः थिएटरात लोकांना जागा दाखवायचं अर्धवेळ काम करायचा. हे सांगायचं सगळे विसरतात.

म्हणून माझं म्हणणं आहे, एकट्या पोराला मार्कांची सवलत देऊ नका. प्रोजेक्टला चारचा ग्रुप लागतो, तोही राहू द्या. पण शनिवारी एक तास लॅब उघडी ठेवा. पोरांनी एकमेकांनी बनवलेलं वापरावं आणि बनवणाऱ्यानं मागे गप्प उभं राहावं.

कारण परवा मेसच्या काकांच्या हातात फोन दिला. त्यांनी पहिल्याच मिनिटात सगळी झाडं तोडली आणि विचारलं, "आता पुण्याला जायचं बटन कुठंय?"

बटन नव्हतंच. दीड वर्षात मला सुचलंच नव्हतं. आमच्या धाकट्या चुलत्यांनी त्या वर्षी हेच केलं होतं, तरीही.

सध्या ते बटन करतोय. टेस्टरमध्ये अजून दोन जण कमी आहेत. खोली नं. २७, रात्री जेवणानंतर. फोन अँड्रॉइडचा पाहिजे, आणि 'भारी आहे' म्हणायचं नाही.