‘विचारून सांगते’

हिंजवडीतल्या एका टीमची सकाळची स्टँडअप मध्यंतरी बसून पाहिली. डेव्हलपरने विचारलं, “ओटीपी आलाच नाही तर पुन्हा पाठवायचा, की थेट कॉल सेंटरचा नंबर दाखवायचा?” प्रॉडक्ट ओनर म्हणाली, “विचारून सांगते.” रात्री अमेरिकेतल्या प्रॉडक्ट मॅनेजरशी कॉल झाला. त्यालाही वर विचारायचं होतं. तिसऱ्या दिवशी तिकीट अजून ‘ब्लॉक्ड’मध्येच पडून होतं, आणि त्याखाली तिने पहिल्याच सकाळी टाकलेली कमेंट होती: तीस सेकंदांनी पुन्हा पाठवावा, दोनदा फसलं तर नंबर दाखवावा. उत्तर तिच्यापाशी होतं, ते देण्याचा अधिकार नव्हता.

प्रोजेक्ट मॅनेजर, प्रॉडक्ट मॅनेजर, प्रॉडक्ट ओनर ही नावं आपल्याकडे सर्रास एकमेकांच्या जागी वापरली जातात. प्रोजेक्ट मॅनेजर तारीख, माणसं आणि बजेट सांभाळतो. प्रोजेक्ट संपला की त्याचं काम संपतं. प्रॉडक्ट मॅनेजरचं तसं नाही. काय बनवायचं, कुणासाठी, आणि काय अजिबात बनवायचं नाही, हे प्रश्न प्रॉडक्ट बाजारात असेपर्यंत त्याचा पिच्छा सोडत नाहीत. या कामाचं मूळ सॉफ्टवेअरच्याही आधीचं, साबणातलं. प्रॉक्टर अँड गॅम्बलमध्ये ‘कॅमे’ साबणाच्या जाहिरातीचं काम पाहणाऱ्या नील मॅकेलरॉयने 1931 साली वरिष्ठांना टिपण लिहिलं, की एकेका ब्रँडची पूर्ण जबाबदारी स्वतंत्र माणसांवर टाका. जबाबदारी एका ठिकाणी असावी, हा त्यातला गाभा.

प्रॉडक्ट ओनर ही स्क्रम या टीमने काम करण्याच्या पद्धतीतली भूमिका. श्वाबर आणि सदरलंड यांच्या स्क्रम गाइडच्या 2020 च्या आवृत्तीत स्वच्छ म्हटलंय, की प्रॉडक्ट ओनर म्हणजे एक व्यक्ती, समिती नव्हे; आणि तिच्या निर्णयांचा मान साऱ्या संस्थेने राखायला हवा. मोठ्या कंपन्या हे काम दोघांत वाटतात. मॅनेजर बाजार आणि ग्राहक बघतो, ओनर टीमसोबत बसून बॅकलॉग, म्हणजे करायच्या कामांची क्रमवार यादी, लावते. यात वावगं काही नाही, फक्त बॅकलॉगवर शेवटचा शब्द तिचा हवा.

पुण्यातल्या सेवा कंपन्यांत गाडी अडते ती इथेच. प्रॉडक्ट क्लायंटचं, निर्णय क्लायंटचा, आणि इथली ‘ओनर’ प्रत्यक्षात बिझनेस ॲनालिस्टचं काम करते. ते काम मोलाचं आहे. ग्राहकाच्या मोघम बोलण्यातून नेमकी गरज काढणं सोपं नसतं. मग त्याला त्याच नावाने हाक मारा, तसा पगार द्या, बढतीची वाट दाखवा. ओनर म्हणून नेमलेल्या माणसाला रोज निरोप्याचं काम करायला लावणं हा त्याच्या बुद्धीचा अपमान आहे, आणि त्याची किंमत टीम रोज थांबून मोजते.

या पदासाठी मुलाखतीला निघालेल्या मुलामुलींना मी एकच प्रश्न विचारायला सांगतो: “गेल्या तीन महिन्यांत तुमच्या प्रॉडक्ट ओनरने कोणती मागणी नाकारली, आणि ती नाकारलेलीच राहिली का?”